हरभऱ्यावरचं फडकं

“शेंडा खूड, माय. नखानं खूड. ओढशील तर मूळ हालतं,” कुंपणापाशी उभे राहून आप्पा म्हणाले.

मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले होते. कार्तिक सरत आला होता. पाटाच्या पाण्यावरून उठलेलं धुकं परसात येऊन रेंगाळलं होतं आणि हरभऱ्याचं पानन्‌पान दंवानं जडावलं होतं. दोन बोटांत शेंडा धरायचा, नख लावायचं, खुडून ओच्यात टाकायचा. पाच-सहा शेंड्यांत बोटं आंबट होतात. पानांवरचा तो आंबट खार थंडीनं चिरलेल्या कातडीत झोंबतो, आणि तरी हात थांबत नाही. मला हे शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर बार्शीकडचं, काळ्या रानातलं. चालायला लागले तशी हरभरा खुडायला लागले. पण आप्पांना शिकवायची हौस होती, आणि मला ‘माय’ ऐकायची. त्या वसाहतीत मला दुसरं कोणी माय म्हणत नव्हतं.

वसाहत धरणाच्या कामासाठी बांधलेली. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मागं दोघांत मिळून एक लांबट परस. आमचे हे तिथं स्टोअरमध्ये कारकून होते. शेजारच्या दोन खोल्यांत सुपडू आप्पा एकटे राहत. ते पाटकरी, कालव्याचं पाणी कुणाच्या रानात किती वेळ सोडायचं ते पाहणारे. गाव खानदेशात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मधल्या तारेच्या कुंपणाला त्यांनी स्वतःच एक फट करून ठेवली होती, म्हणजे बादली घेऊन इकडून तिकडं जाता यावं. आमच्या बाजूला मुळा, मेथी, कोथिंबीर आणि तारेवर चढवलेला घेवडा. त्यांच्या बाजूला वांगी आणि हा हरभऱ्याचा वाफा. बी त्यांनी गावाहून आणलं होतं. शेंडे आमचे, घाटे त्यांचे, असं ठरलं होतं. शेंडे खुडले की झाड अंगानं भरतं, त्यामुळं त्यांनाही ते हवंच होतं.

मागच्या दाराच्या पायरीवर आक्का बसली होती. ही माझी थोरली नणंद, प्रयागा. तिला सातवा लागला होता. ती मेथी निवडत होती आणि निवडता निवडता आपल्याशीच गात होती.

पहाटेच्या गं दंवानं वाफा झाला ओलाचिंब
येणाऱ्या गं पाहुण्याला दारी बांधीते मी लिंब

आतून सासूबाईंचा आवाज आला, की पाहुणा घरात येण्याआधी त्याच्यावर ओव्या रचू नयेत. आक्का गप्प झाली. मग उठली, हळूहळू चालत वाफ्यापाशी आली आणि एक शेंडा खुडून तसाच तोंडात टाकला. मग दुसरा. ही तिची रोजची खोड होती.

“प्रयागबाई, शेळी परवडली,” आप्पा म्हणाले. “शेळी निदान हाकलता येते.”

“हाकला की,” आक्का म्हणाली. “दोन जिवांची शेळी आहे. पाप लागंल.”

आप्पा हसले. त्यांच्या समोरच्या दोन दातांच्या जागी फट होती आणि हसले की ते हात तोंडावर धरायचे, नव्या नवरीसारखे.

हे आक्काचं तिसरं. पहिलं पाचव्यात गेलं, दुसरं सहाव्यात. दुसऱ्या वेळी तिच्या सासरच्या कुणा चुलतसासूनं पाळंमुळं उगाळून काढा पाजला होता, आणि त्यानंच घात केला असं आमच्या सासूबाईंचं पक्कं मत होतं. तिच्या सासरहून निरोप आला होता, की या खेपेला रिकाम्या ओटीनं परत येणार असाल तर येऊच नका. म्हणून चौथा लागताच सासूबाईंनी तिला इकडं आणली. आणली त्या दिवशी मला चुलीपुढं बसवून सांगितलं, हिचं खाणंपिणं तुझ्या हाती. झाडपाल्याचं, घरगुती, कुणी सांगितलेलं असलं काही हिच्या पोटात जाता कामा नये. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या आणि शिजवलेलं अन्न, बस्स. “ह्या खेपेला काही झालं, गिरजे, तर मी देवाला नाही विचारणार. तुला विचारीन.”

मी तेव्हा वीस वर्षांची होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

मार्गशीर्ष लागला आणि आक्काचं अन्नावरचं मन उडालं. घास गिळला की पोट फुगायचं, आंबूस ढेकर यायचे, दुपारी खाल्लेलं संध्याकाळी तसंच वर यायचं. डॉक्टरच्या गोळ्या चालल्या होत्या. तिचे गाल बसले, मनगटं बारीक झाली आणि पोट तेवढं पुढं. सासूबाई माझ्या ताटाकडं बघायच्या आणि मग तिच्या. ते बघणंच जास्त लागायचं.

आमच्याकडं ह्यावर औषध आहे. पोट बिघडलं की आई संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं धोतराचं फडकं पसरून टाकायची. रात्रभर दंव पडायचं, पानांचा खार त्यात उतरायचा. पहाटे उन्हाआधी फडकं पिळलं की वाटीत जे पाणी निघतं ती आंब. बाटलीत भरून ठेवली तर वर्षभर पुरते. चमचाभर घेतली की दगड पचतो, असं आई म्हणायची. बाळंतिणीला, पोटुशीला, कुणालाही द्यायची. माझ्या सासरी, डोंगराकडच्या भातखाऊ मुलखात, ही गोष्ट कुणाच्या कानावरूनही गेलेली नव्हती. सांगायला गेले असते तर सासूबाईंनी झाडपाला म्हणून मोडीत काढली असती.

मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त एकदा आप्पांना म्हटलं, की आक्काला अन्न पचत नाही, काहीतरी आंबट द्यायला हवं. आप्पा वाफ्यात वाकून पानं उलटीपालटी करत होते. ‘बघू’ म्हणाले. आणखीही काही म्हणाले होते, फुलं लागायला लागली तशी अळी पडेल आहे, म्हणजे पडलीय, काहीतरी करावं लागेल, असं. ते मी ऐकलं होतं. पण माझं ध्यान माझ्या गाऱ्हाण्यात होतं, त्यांचं त्यांच्या अळीत.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. सर्दीनं माझं नाक चोंदलेलं, डोकं जड. आप्पा कुंपणाशी आले. तोंडाला बांधलेला पंचा सोडून त्यांनी खांद्यावर टाकला.

“माय, हरभऱ्यावर फडकं टाकेल आहे बरं का,” ते म्हणाले. “फडकं आहे तंवर खुडू नको. प्रयागबाईलाही सांगजो.”

मी वळून पाहिलं. वाफ्यावर, अगदी मधोमध, एक पांढरट फडकं पसरलेलं होतं. वाटलं, म्हाताऱ्यानं माझं बोलणं मनात ठेवलं. ह्यांच्या मुलखातही हे आहे तर. दीड वर्षात पहिल्यांदा सासरच्या परसात माहेरचं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मी म्हटलं, “होय आप्पा. ध्यानात ठेवीन.”

“तेवढंच सांगायचं होतं,” ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. मी ते गुरुवार आक्कासाठीच धरले होते. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी जोडीनं उद्यापन करीन असं बोलले होते. त्या दिवशी पूजा होईस्तोवर मी पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे.

घर जागं व्हायच्या आत अंघोळ करून मी वाटी घेऊन मागं गेले. धुकं इतकं होतं की घेवड्याचा वेल नुसता काळसर दिसत होता. फडकं दंवानं जड झालेलं. उचलून वाटीवर धरलं आणि पिळलं. चांगलं पाऊण वाटी निघालं. आईकडची आंब पाण्यासारखी नितळ असायची, ही जरा पांढुरकी होती. मला वाटलं, पाटाच्या पाण्याचा क्षार असेल, इथली माती वेगळी आहे. आई नेहमी पहिला थेंब आपल्या जिभेवर ठेवून बघायची, आंबट आहे का नुसतंच दंव आहे. मीही बोट बुडवलं. ओठापर्यंत नेलं. आणि उपास आठवला. बोट पदराला पुसलं.

फडकं मी दुसऱ्या रात्री परत टाकता येईल म्हणून कुंपणाच्या तारेवर वाळत घातलं.

सासूबाई देवापाशी होत्या. हे अंथरुणात. आक्का नेहमीसारखी मागच्या पायरीवर येऊन बसली, शाल घेऊन. मी ताक घुसळलं, त्यात जिऱ्याची पूड आणि मीठ घातलं आणि ती वाटी त्यात ओतली. ताकात काही दिसलं नाही. आक्कानं दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

“कडू लागतंय गं.”

“जिरं जास्त झालं असंल,” मी म्हटलं. “घ्या सगळं, आक्का. पोटाला बरं वाटंल.”

ती माझ्याकडं बघून हसली आणि तिनं पेला रिकामा केला.

अर्ध्या तासात तिच्या तोंडाला लाळ सुटली. तिला वाटलं, नेहमीची उलटी. मग घाम आला, त्या थंडीत, इतका की चोळी अंगाला चिकटली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “मला दिसत नाही नीट,” ती म्हणाली, आणि तिच्या दंडावरची कातडी आपोआप उडायला लागली, घोड्याच्या अंगावर माशी बसल्यावर उडते तशी. सासूबाईंनी देवापुढची घंटा तशीच टाकली. हे अनवाणी धावत गेले आणि ऑफिसची जीप घेऊन आले. आप्पा पाटावर गेलेले होते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि विचारलं, शेतात फवारतात ते औषध हिच्या पोटात कुठून गेलं. हे म्हणाले, आम्ही शेतकरी नाही हो. मग त्यांना आठवलं. काल संध्याकाळी शेजारचे आप्पा पंप घेऊन हरभऱ्यावर काहीतरी मारत होते. येताना पाहिलं होतं त्यांनी.

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या डोक्यात ठणके येत होते, हाताच्या तळव्यांना मुंग्या आलेल्या. ते मी सकाळपासून उपासावर घालत होते. मी माझ्या हातांकडं पाहिलं. तोंडाला बांधलेला पंचा आठवला. अळी आठवली. फडकं आहे तंवर खुडू नको. मी बाहेर जाऊन गटारावर ओकले. पोटात काही नव्हतंच. एक नर्स म्हणाली, भावजय दिसते, फार लळा आहे.

आक्का वाचली. तिसऱ्या दिवशी मूल गेलेलं बाहेर आलं. मुलगी होती. सासूबाईंनी पाहिली. मला बघू दिली नाही, आणि मी मागितलंही नाही.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार होते, असं मी स्वतःला दर तासाला सांगत होते. पण मला विचारलंच नाही कुणी. सगळ्यांना उत्तर आधीच सापडलं होतं. आक्काला वाफ्यातलं कच्चं तोंडात टाकायची खोड, हे अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. त्या दिवशीही टाकलं असणार. शुद्धीवर आल्यावर आक्काला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, “टाकलं असंल.”

आठवड्यानं साहेबांनी ऑफिसच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. प्रकरण पोलिसांत जाऊ नये, आपसात काय ते मिटावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सासूबाई बाकावर बसलेल्या, मी त्यांच्या मागं. आप्पा खांबापाशी उभे. त्यांनी टोपी हातात घेतली होती आणि ती ते सारखी उलटसुलट करत होते. पोटुशी बाई रोज जिथं खुडते तिथं औषध मारलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस, असं साहेबांनी म्हटल्यावर ते म्हणाले, सांगेल आहे. सूनबाईला सांगेल आहे.

“काय सांगितलंस? औषध मारलंय म्हणून?”

आप्पांनी विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नसे, साधं, सोयीचंही नाही. “फडकं टाकेल आहे म्हणालो,” ते म्हणाले.

“म्हणजे काय?”

“म्हणजे… फडकं टाकेल आहे, साहेब. फवाऱ्याचं फडकं. आमच्याकडं लहान लेकरू बी तिकडं फिरकत नाही.” कुणीतरी हसलं. आप्पा गोंधळले. “अन् सकाळी फडकं वाफ्यावर नव्हतं. तारेवर होतं.”

“वाऱ्यानं उडालं असेल,” साहेब म्हणाले. “फडक्याच्या भरवशावर माणसांचे जीव ठेवता का तुम्ही?” आणि ते माझ्याकडं वळले. “बाई, औषध मारलंय असं हे तुम्हांला म्हणाले होते?”

“नाही,” मी म्हटलं.

“फडक्याबद्दल काही म्हणाले होते?”

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्या फक्त वाट पाहत होत्या.

“नाही,” मी म्हटलं.

दोन्ही ‘नाही’ एकाच आवाजात निघाले. आप्पांचे हात टोपीवर थांबले. ते माझ्याकडं बघत राहिले, आपलंच घर ओळखू न आलेल्या माणसासारखे. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि त्यानंतर साहेबांनी जे जे विचारलं त्याला ते ‘हो’ म्हणत गेले.

त्यांची बदली झाली. कुठल्या तरी लांबच्या, ओसाड चौकीवर. खोल्या आठ दिवसांत सोडायच्या. वसाहतीतल्या बायकांनी त्यांच्या दारासमोरून पोरांना न्यायचं बंद केलं होतं. पोरखाऊ म्हणायला लागल्या होत्या. सासूबाईंनी दोन मजूर लावून हरभरा मुळासकट उपटवला आणि परसातच जाळला. ओला हरभरा नीट जळेना. दोन दिवस नुसता धुमसत होता.

ज्या दिवशी ते निघाले, त्याच्या आदल्याच दिवशी आक्काला घरी आणली होती. सकाळची उन्हं आली होती. मी मुळ्याला पाणी घालायला मागं गेले तर ते कुंपणापलीकडं पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेले. मला परत फिरता आलं नाही.

“माय, एक विचारू?” ते म्हणाले. “रागानं नाही विचारत.”

मी उभी राहिले.

“आमच्याकडं हरभऱ्यावर फडकं म्हणजे तिकडं जाऊ नका. तुझ्या माहेरी काय असतं?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. मी सांगितलं. आई, धोतराचं फडकं, दंव, वाटी, आंब. आणि मग बाकीचंही सांगितलं, ताकापर्यंत. तोंडातून निघायला लागलं तसं थांबेचना. मी हळूच बोलत होते, आत आवाज जाऊ नये म्हणून. त्या वेळीही मला त्याचं भान होतं.

आप्पा हातांची बोटं उलगडून त्यांच्याकडं बघत होते, जणू आपण काय पसरून ठेवलं होतं ते त्यांना आत्ता दिसत होतं.

“म्हणजे तू ऐकेल होतं,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटायला लागेल होतं, मी सांगेलच नसंल. म्हातारपण आहे, माझंच काहीतरी गेलं डोक्यातून. आठ दिवस झोपलो नाही, माय.”

“आप्पा, मला—”

“आत जा आणि सांग,” ते म्हणाले. “ताकाचं सांगू नको. तुला नांदायचं आहे, ते मला समजतं. एवढंच सांग, की आप्पा सांगेल होते, मीच विसरले. एक वाक्य. मला इथून पोरखाऊ होऊन जायचं नाही. बाराची गाडी आहे. ती गेली तरी पाचची आहे. मी इथंच बसतो.”

मी होय म्हटलं. खरंच म्हटलं. हातपाय धुऊन आत गेले.

सासूबाई आक्काला पेज भरवत होत्या. आक्का उशीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, चमचा ओठाला लागला की तोंड उघडायची. मी दारात उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, कुणाशी बोलत होतीस. मी म्हटलं, मांजर आलं होतं. त्या म्हणाल्या, पीठ मळून ठेव. मी पीठ मळलं. भाकरी थापल्या. प्रत्येक भाकरीला मी ठरवत होते, ही तव्यावरून उतरली की बोलायचं. बाराची गाडी वळणावर भोंगा वाजवते, तो वाजला. मागच्या खिडकीतून पाहिलं, ते ट्रंकेवर तसेच होते, ऊन डोक्यावर आलेलं. मी तांदूळ निवडले, जे निवडायची गरज नव्हती. भांडी घासली. आक्कानं पाणी मागितलं, दिलं. हे जेवायला येऊन गेले. चारच्या सुमाराला मी पुन्हा खिडकीशी गेले. ते उठून उभे होते आणि खिडकीकडंच बघत होते. मी बाजूला झाले.

पाचचा भोंगा वाजला. सासूबाई म्हणाल्या, “गेला वाटतं.” आक्का भिंतीकडं तोंड करून झोपलेली होती. ती तिकडं तोंड ठेवूनच म्हणाली, “वाटोळं होऊ दे त्याचं.”

आक्काची कूस पुन्हा उजवली नाही. सासरच्यांनी नेली नाही, ती आमच्याकडंच राहिली. सासूबाई गेल्या, मग पुष्कळ वर्षांनी हेही गेले. निवृत्तीनंतर तालुक्याला बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघी उरलो. मागं थोडी जागा होती. दिवाळी झाली की आम्ही वाफे करायचो, मुळा, मेथी, पालक, लसूण. हरभरा नाही. भाजीवाली हिवाळ्यात हरभऱ्याची जुडी घेऊन दारात आली की आक्का आप्पांचं नाव घेऊन शिव्या द्यायची, मोजून एकदाच, आणि मग दिवसभर बोलायची नाही. मी कधी काही म्हटलं नाही. आधी भीती होती. मग सवय झाली.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातच, कोवळ्या उन्हात आम्ही मेथीतलं तण काढत होतो. आक्काची सत्तरी उलटलेली. ती पाटावर बसून जेवढा हात पुरेल तेवढं काढायची. काढता काढता थांबली.

“गिरजा, एक विचारायचंय. पंचेचाळीस वर्षं विचारीन म्हणते,” ती म्हणाली. “त्या सकाळी मी खुडलं होतं का गं? तू तर होतीस तिथं. मी आपल्या हातानं तोंडात टाकलं होतं का?”

मी तिच्याकडं पाहिलं.

“मला आठवत नाही ना काही,” ती म्हणाली. “त्याला शिव्या देते, पण मनात येतं, औषध त्यानं मारलं, खाल्लं तर मीच. शेळीच मी. माझ्या पोरीला मीच—”

“नाही, आक्का,” मी म्हटलं. “तुम्ही पायरीवरून उठलाच नव्हता. वाफ्याकडं गेलाच नव्हता त्या दिवशी.”

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

तिनं मातीचे हात तोंडावर धरले आणि ती रडली. बराच वेळ, आवाज न करता. मी वाट पाहत होते. आता ती विचारील, मग गेलं कसं माझ्या पोटात, आणि मी सांगीन. घरात आता कोणी नव्हतं. मला कुणी कुठं हाकलणार नव्हतं. मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं, ताकापासून सुरू होणारं.

आक्कानं डोळे पुसले. गालावर मातीची रेघ उमटली. तिचा चेहरा इतका मोकळा मी तिच्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

“म्हणजे त्यानंच दिलं,” ती म्हणाली. “मेल्यानं मुद्दाम घातलं माझ्या पोटात. निपुत्रिक मेला, बघवलं नाही त्याला.” तिनं माझं मनगट धरलं. “त्यानंच. होय ना गं?”

“होय,” मी म्हटलं.